संगीत-चित्रफितीतील क्लोज-अप : स्वर आणि चेहरा यांच्या नात्याचा इतिहास

प्रस्तावना : संगीत-चित्रफितीच्या अभ्यासात कॅमेऱ्याचे अंतर व कोन हे बहुधा केवळ तांत्रिक घटक मानले जातात. वस्तुतः ऐकू येणारे गाणे कोणाचे आहे, हे प्रेक्षकाला प्रथम सांगतो तो कॅमेराच. प्रस्तुत लेखात या दृष्टीने क्लोज-अपच्या वाटचालीचा वेध घेतला आहे.

पाश्चात्त्य परंपरा : क्वीन या ब्रिटिश रॉक समूहाच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चे चित्रीकरण १० नोव्हेंबर १९७५ रोजी एल्स्ट्री येथे ब्रूस गॉवर्स यांच्या दिग्दर्शनाखाली झाले. काळ्या पार्श्वभूमीवरील चार चेहऱ्यांची तीमधील रचना ‘क्वीन २’ (१९७४) या ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावरील मिक रॉक यांच्या छायाचित्रावर आधारलेली होती. या गीतात मोजक्या गायकांचे आवाज थरावर थर मुद्रित करून समूहगानाचा परिणाम साधला आहे. लोलकाच्या भिंगातून एका चेहऱ्याचे अनेक चेहरे दाखवून कॅमेऱ्याने तोच परिणाम डोळ्यांसमोर आणला.

१ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाल्यानंतर चित्रफितीला नियमित व्यासपीठ लाभले. जॉन लँडिस दिग्दर्शित ‘थ्रिलर’मध्ये (१९८३) समूहनृत्य हा मुख्य आशय होता. पदन्यास दिसण्यासाठी संपूर्ण देह चौकटीत असणे आवश्यक असल्याने तेथे लाँग शॉटला महत्त्व आले. याउलट जॉन मेबरी यांनी ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’ (१९९०) मध्ये शिनेड ओकॉनर यांचा चेहराच दीर्घकाळ चौकटीत ठेवला. नृत्य नाही, कथानक नाही. गाताना ओघळलेले अश्रू मात्र आहेत. स्वर आणि चेहरा येथे अभिन्न झाले.

भारतीय संदर्भ : भारतीय चित्रपटगीतांत हे नाते निराळे होते. पार्श्वगायनाच्या पद्धतीमुळे क्लोज-अप अभिनेत्रीचा आणि स्वर गायिकेचा, अशी विभागणी रूढ झाली. ‘महल’ (१९४९) मधील ‘आयेगा आनेवाला’ हे गीत लता मंगेशकर यांनी गायले, पडद्यावर मधुबाला दिसल्या आणि ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापले गेले. चेहरा तर नव्हताच, नावही नव्हते. गायिकेचे श्रम अदृश्य करणाऱ्या व्यवस्थेत क्लोज-अपचाही असा वाटा होता. १९९० च्या दशकात उपग्रह वाहिन्यांमुळे चित्रपटबाह्य गीतांना दृश्य माध्यम मिळाले. केन घोष दिग्दर्शित ‘मेड इन इंडिया’मध्ये (१९९५) अलिशा चिनॉय यांच्या स्वराबरोबर त्यांचाच चेहरा घरोघरी पोहोचला.

निष्कर्ष : क्लोज-अप भावना जवळ आणतो, हे खरेच, परंतु त्याचबरोबर तो श्रेयाचे वाटपही करतो. ‘कॅमेरा कोणाच्या जवळ गेला?’ या प्रश्नाला ‘कोणाच्या जवळ गेला नाही?’ या प्रश्नाची जोड दिल्यास चित्रफितीचा इतिहास हा कलावंताच्या हक्काचाही इतिहास ठरतो.