झाँसी की रानी (दूरचित्रवाणी मालिका)

झी टीव्हीवरील हिंदी ऐतिहासिक मालिका (2009–11). राणी लक्ष्मीबाईंच्या जीवनावर आधारित. लहानपणची मनू उल्का गुप्ताने, तर पुढची राणी कृतिका सेंगरने साकारली. राणींचे पती गंगाधरराव यांच्या भूमिकेत समीर धर्माधिकारी होते. मालिकेतली मनू इंग्रजांविरुद्ध ‘क्रांतिगुरू’ बनून वेषांतराने लढते. हा भाग सर्वस्वी काल्पनिक. प्रत्यक्षात दत्तकपुत्र दामोदररावांचा गादीवरील हक्क गव्हर्नर जनरल डलहौसीने नाकारल्यावर राणींनी 1854 मध्ये जॉन लँग या वकिलाला बोलावून घेतले, अर्जविनंत्या केल्या. तलवार नंतर आली. हा चिवट कायदेशीर लढा रणांगणाइतकाच नाट्यमय आहे आणि मालिकेत तो अधिक ठळकपणे दिसायला हवा होता. पुढे इंग्रजांनी झाशीला घातलेल्या वेढ्याचे प्रत्यक्षदर्शी वर्णन विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये मिळते.