तेलाचे पिंप आणि आगीला पुरून उरणारा रंग

अमेरिकेत तेलाच्या पिंपापासून घरच्या घरी स्मोकर, म्हणजे धुरावर मांस शिजवायची भट्टी, बनवणारा माणूस पहिले काम करतो ते पिंप जाळण्याचे. झाकण काढून त्यात लाकडे रचायची आणि उघड्यावर काही तास जाळ धगधगत ठेवायचा. आतले अस्तर जळून राख होते, बाहेरचा कंपनीचा रंग फुगून सुटतो आणि मग पॉलिश पेपर हाती घ्यायचा. सगळे खरवडून झाले की उघडा करडा पत्रा समोर येतो. एका रात्रीचे दव पडले तरी त्यावर गंज धरतो. त्याला रंग हवा, पण साधा ऑइल पेंट पहिल्याच जाळात फोड येऊन गळून पडेल. पिंप कुठून आले आणि त्यावर टिकणारा रंग कुठून आला, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींचा स्वयंपाकघराशी काहीही संबंध नव्हता.

पिंपाची गोष्ट सुरू होते एका पत्रकार बाईपासून. नेली ब्लाय हे नाव अमेरिकेत गाजले ते 1887 मध्ये. वेडाचे सोंग घेऊन ती न्यूयॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळात राहिली आणि तिथले हाल तिने छापून आणले. पुढे 72 दिवसांत तिने पृथ्वीप्रदक्षिणा केली. 1895 मध्ये तिने रॉबर्ट सीमन या वयस्क उद्योगपतीशी लग्न केले आणि त्याच्या पश्चात ब्रुकलिनची ‘आयर्न क्लॅड’ ही कंपनी तिच्या हाती आली. दुधाचे कॅन, बॉयलर आणि भांडी बनवणारा हा कारखाना होता. त्या काळी खनिज तेल लाकडी पिंपांतून जाई. फळ्या सुकल्या की ती गळत. गळणार नाही असे पोलादी पिंप बनवण्याचे काम तिच्या कारखान्यातल्या हेन्री वेरहान याने केले. 1905 च्या डिसेंबरात त्याला दोन पेटंट मिळाली आणि त्यांचे हक्क नेली ब्लायकडे गेले. आतल्या अफरातफरीमुळे कंपनी पुढे बुडाली. पिंप मात्र जगभर पसरले.

55 गॅलन, म्हणजे साधारण 208 लिटर. अंगावर दोन उंचवट्यांचे पट्टे असल्याने भरलेले पिंपही आडवे करून एकटा गडी लोळवत नेऊ शकतो. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर विमानांचे पेट्रोल याच पिंपांतून उतरले. ग्वाडलकनालच्या लढाईत जपानी विनाशिकांनी रसद भरलेली पिंपे दोराने एकमेकांना बांधून किनाऱ्याजवळ समुद्रात सोडली होती. युद्ध संपले, सैन्य परतले आणि रिकामी पिंपे मागे उरली.

गरजेच्या माणसाने ती उचलली. त्रिनिदादमध्ये अमेरिकी तळ होता, तेलविहिरीही होत्या. तिथल्या वस्त्यांतल्या तरुणांनी पिंपाचा तळ ठोकून त्यातून सूर काढले. स्टीलपॅन नावाचे ते वाद्य 1951 मध्ये लंडनच्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’पर्यंत पोहोचले. जमैकात पिंप उभे चिरून दोन अर्धुके बिजागरीने जोडली गेली. खाली पाय, आत कोळसा, वर मसाला चोळलेली कोंबडी. किंग्स्टनच्या रस्त्याकडेला ‘जर्क’ विकला जातो तो याच पिंपावर. महाराष्ट्रात टँकरची वाट पाहत दारापुढे उभे असलेले पाण्याचे पिंप हे याच घराण्यातले.

अमेरिकेत ते उभेच राहिले. तळाशी तीन-चार भोके, त्यातल्या एकाला झडप, आत जाळीच्या टोपलीत कोळसा, त्याच्या सुमारे दोन फूट वर मांसाची जाळी आणि डोक्यावर झाकण. हवा खालून किती घ्यायची एवढेच ठरवायचे. झडप थोडी उघडी ठेवली की कोळसा सावकाश धुमसतो आणि आतली उष्णता 110 ते 135 अंश सेल्सियसच्या दरम्यान तासन् तास टिकते. मांसातून वितळणारी चरबी थेट निखाऱ्यावर पडते, तिचा धूर वर चढतो आणि या स्मोकरची खास चव त्या धुरात असते. हौशी लोकांनी त्याचे नाव ‘अग्ली ड्रम स्मोकर’ ठेवले, म्हणजे कुरूप पिंप. त्याच नावाने घराघरांतली पिंपे मांस भाजण्याच्या स्पर्धांच्या मैदानात उतरली.

आता रंगाकडे. लोखंडी चुलीला पूर्वी रंग देतच नसत. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी घरांत चुलीवर ग्रॅफाइटचे काळे पॉलिश घासत. ते उतरे आणि पुन्हा घासावे लागे. रंग न देण्याचे कारण असे, की नेहमीच्या रंगाला धरून ठेवणारे द्रव्य कार्बनच्या साखळीचे असते. तापले की ती साखळी तुटते, जळते आणि रंगाची पूड होते.

सहज न जळणारी साखळी वेगळ्याच कामातून मिळाली. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला फ्रेडरिक किपिंग हे रसायनशास्त्रज्ञ जवळजवळ चाळीस वर्षे सिलिकॉनच्या संयुगांवर काम करत होते. प्रयोगात वारंवार चिकट, गोंदासारखे पदार्थ हाती येत आणि त्यांचा व्यवहारात फारसा उपयोग होईल असे त्यांना वाटत नव्हते. 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्निंग या काचकंपनीत फ्रँकलिन हाइड यांनी नेमके तेच चिकट पदार्थ उचलले. तापणाऱ्या विजेच्या मोटारींच्या वेष्टनासाठी काचेच्या धाग्यांना साजेसे राळेसारखे द्रव्य त्यांना हवे होते. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची आळीपाळीने गुंफलेली साखळी वाळूच्या जवळची असते, म्हणून ती आगीला सहज बधत नाही. 1943 मध्ये ‘डाऊ कॉर्निंग’ कंपनी स्थापन झाली आणि सिलिकॉनची ही संयुगे सर्वप्रथम युद्धाच्या कामी लागली. नंतर या राळेत ॲल्युमिनियमची पूड किंवा लोह-मँगनीजची काळी ऑक्साइडे मिसळून धुराडी, एक्झॉस्ट पाइप आणि भट्ट्या रंगवल्या गेल्या. काजळीचा काळा इथे चालत नाही, कारण तीव्र उष्णतेत काजळी स्वतःच जळते. अशा रंगाच्या डब्यावर 1200 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 650 अंश सेल्सियस, हा आकडा असतो.

तो रंग सामान्य माणसाच्या मुठीत आला तो फवाऱ्याच्या डब्यामुळे. युद्धात सैनिकांना डासांपासून वाचवायला कीटकनाशकाचे दाबाचे डबे बनले होते. 1949 मध्ये इलिनॉय राज्यातल्या सिकॅमोर गावी एडवर्ड सेमूर यांनी तीच युक्ती रंगाला लावली, पत्नी बॉनी यांच्या सुचवण्यावरून. विशेष म्हणजे त्यांचा पहिला रंग ॲल्युमिनियमचा होता, घरे तापवणाऱ्या रेडिएटरसाठीचा.

पिंपावर हा रंग चढवताना त्याच्या रसायनाचा मान राखावा लागतो. पत्रा पुसून घ्यायचा आणि तेलकट बोटांपासूनही दूर ठेवायचा. जाड हात मारला तर आत अडकलेला द्रव तापल्यावर फोड काढतो, म्हणून पातळ दोन-तीन हात. हवेत रंग फक्त वरवर सुकतो. राळेची खरी गुंफण साधारण 200 अंश सेल्सियसच्या पुढे होते. त्यामुळे पहिला जाळ मंद, मग थंड करणे, दुसरा जास्त, पुन्हा थंड करणे, असे टप्पे घेतले जातात. स्वयंपाकाच्या आचेत एवढी उष्णता येत नाही, म्हणून त्या दिवशी झडप सताड उघडून रिकामे पिंप तापवतात. तेव्हा उग्र वास येतो आणि तो पूर्ण जाईपर्यंत आत अन्न ठेवत नाहीत.

आतल्या बाजूला रंग कधीच लावायचा नाही. तिथे खाण्याचे तेल चोळून कोळसा पेटवतात. धूर आणि तेल मिळून काळा तुकतुकीत थर धरतात आणि गंज रोखण्याचे काम तो थर करतो. पिंप निवडतानाही हाच विचार: आधी खाद्यतेल किंवा मध भरलेले चालते, कीडनाशक वा अनोळखी रसायन भरलेले कितीही जाळले तरी चालत नाही. बाहेरचा रंग सर्वांत आधी उतरतो तो कोळशाच्या टोपलीसमोरच्या पट्ट्यावर, कारण तिथला पत्रा वरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापतो. तेवढाच भाग घासून नवा हात मारला, रिकामे पिंप पुन्हा तसेच तापवून घेतले, की पुढचा हंगाम सुरू करता येतो.