फौजदार, हवालदार आणि तिसरा कोणी : मुंबई पोलिसांची पडद्यावरील प्रतिमा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण पोलीस चौकीलाही लावणारा आपला समाज पडद्यावरच्या पोलिसावर मात्र जीव टाकत आला आहे. प्रत्यक्षातल्या पोलिसाची धास्ती आणि कल्पनेतल्या पोलिसाची भक्ती ही जोडी कशी जमली, याचा शोध मुंबई पोलिसांच्या चित्रणापुरता येथे घ्यावयाचा आहे. मुंबईच का, तर हिंदी चित्रपटाचे कारखाने या शहरात आहेत आणि त्या चित्रपटांतील फौजदार-हवालदारांची आडनावे बहुधा मराठी असतात. वेलणकर, आगाशे, काटेकर ही माणसे म्हणूनच आम्हांस आपल्या वाङ्मयीन इतिहासाचा भाग वाटतात.

प्रारंभीची प्रतिमा सौम्य होती. राज खोसला यांच्या 'सी.आय.डी.' (१९५६) मधला देव आनंदचा इन्स्पेक्टर हा गणवेशापेक्षा सुटाबुटात शोभणारा, बुद्धीने तपास करणारा नागर तरुण होता. पुढे शेवटच्या रिळात जीप घेऊन येणारा इन्स्पेक्टर हा तर केवळ पूर्णविराम ठरला. एकट्या जगदीश राज यांनी १४४ चित्रपटांत पोलीस अधिकारी रंगवला आणि त्याची गिनीज विक्रमांत नोंद झाली. एकच नट, एकच गणवेश, एकच काम. कथा इतरांची, पोलिसाने फक्त बेड्या घालावयाच्या.

१९७३ च्या 'जंजीर'ने ही व्यवस्था मोडली. सलीम-जावेद यांचा इन्स्पेक्टर विजय खन्ना लाचेच्या खोट्या आरोपात अडकून तुरुंगात जातो आणि त्याचा खरा पराक्रम गणवेश उतरल्यानंतर सुरू होतो. कायद्याने न्याय मिळत नाही, तो मनगटाने घ्यावा लागतो, हे सूत्र येथे लोकप्रिय झाले. 'दीवार' (१९७५) मध्ये पोलीस भाऊ तस्कर भावाला गोळी घालतो. कायदा जिंकतो खरा, पण प्रेक्षकांचे डोळे पाणावतात ते तस्करासाठी.

त्याच १९७५ साली दादा कोंडके यांचा 'पांडू हवालदार' आला, हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यात कोंडके यांनी हवालदारच रंगवला होता. म्हणजे पांडूची वंशावळ तमाशाच्या वगातील राजा, प्रधान, कोतवाल, शिपाई या पंक्तीशी जाऊन भिडते. सत्तेच्या सर्वांत खालच्या पायरीवर उभा राहून वरच्यांची फजिती करणारा हा शिपाई लोकांना आपला वाटला. परंतु मुंबईच्या बोलीत 'पांडू' हे शिपायाचे हिणवणीचे नाव झाले. वगात हसू वरच्यांवर होते, रस्त्यावर ते खालच्यावर आले. तेव्हापासून पडद्यावर एक अलिखित विभागणी दिसते : अधिकाऱ्याच्या वाट्याला शोकात्म भव्यता, हवालदाराच्या वाट्याला विनोद.

हसू ज्याच्यावर होते त्या शिपायाचे वास्तव १८ ऑगस्ट १९८२ रोजी रस्त्यावर आले. आपल्या संघटनेवर बंदी आणि नेत्यांना अटक झाल्यावर मुंबईतील शिपायांनी बंड केले. गिरणी संपाचेच ते वर्ष. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, गोविंद निहलानी यांचा 'अर्धसत्य' आला. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य', पटकथा विजय तेंडुलकरांची आणि चित्रपटाच्या मर्मस्थानी दिलीप चित्रे यांची कविता. मराठी साहित्याचे इतके मोठे ऋण असलेला हिंदी चित्रपट विरळाच. अनंत वेलणकरला पुढे शिकायचे असते. पोलीस खात्यातच नोकरी केलेला बाप त्याला जबरदस्तीने फौजदार करतो. घरातला तो धाक पुढे अनंतच्या हातात उतरतो आणि एक क्षुल्लक चोर कोठडीत त्याच्या मारहाणीने मरतो.

'घाशीराम कोतवाल' (१९७२) लिहिणाऱ्या तेंडुलकरांनीच ही पटकथा लिहावी, यात आम्हांस सातत्य दिसते. घाशीराम आणि वेलणकर यांची जातकुळी एक नाही. एक सूडाने पेटलेला, दुसरा सचोटीने पोळलेला. पण दोघांच्याही हाती दंडा देणारे हात वेगळेच आहेत, आणि काम संपताच ते मागे सरतात. कोतवालाचे क्रौर्य कोतवालापाशी सुरू होत नाही, हे तेंडुलकरांनी दोनदा सांगितले.

पुढच्या काळाने हे विसरून टाकले. वडाळ्यात ११ जानेवारी १९८२ रोजी मन्या सुर्वे मारला गेला. १६ नोव्हेंबर १९९१ रोजी लोखंडवाला संकुलात गोळीबार झाला. दोहोंवर पुढे चित्रपट निघाले. या काळात 'चकमक' या शब्दाचे काय झाले ते भाषेच्या अभ्यासकांनी पाहण्यासारखे आहे. चकमक झडायला दोन बाजू लागतात. आता तो शब्द एका बाजूच्या कृतीला लागू झाला आणि वृत्तपत्रांनी 'चकमकफेम' असे विशेषणही घडवले, जणू तो गाजलेला नटच. शिमित अमीन यांच्या 'अब तक छप्पन' (२००४) मध्ये नाना पाटेकरांच्या साधू आगाशेचे एकाकीपण उत्तम उतरले आहे; मात्र शीर्षकातील छप्पन हे माणसांचे नव्हे, धावांचे गणित वाटते.

'सिंघम' (२०११) गोव्यात घडतो, मुंबईत नव्हे. पण त्याच मालिकेतील 'सूर्यवंशी' (२०२१) मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाचा आहे. मधल्या 'सिंबा'त (२०१८) तर पोलीस ठाण्यातच चकमक रचली जाते आणि कथा तिचा गौरव करते. वास्तवात २००६ मधील लखनभैया प्रकरणात, चकमक बनावट ठरवून, सत्र न्यायालयाने २०१३ मध्ये तेरा पोलिसांसह एकवीस जणांना जन्मठेप दिली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी 'सिंघम'सारख्या चित्रपटांच्या संदेशाविषयी जाहीर चिंता व्यक्त केली, ती अनाठायी नव्हती.

या प्रवाहाविरुद्ध पोहणारी उदाहरणे आहेत. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) पोलीस ना क्रूर आहे ना शूर. तो ठरीव साक्षीदार घेऊन येणारा कारकून आहे, आणि म्हणूनच अधिक भीतिदायक. 'सेक्रेड गेम्स' (२०१८) मधला जितेंद्र जोशींचा काटेकर हवालदार असूनही विदूषक नाही. त्याला बायकामुले आहेत, पूर्वग्रह आहेत, मरणही आहे. पांडूला मिळायला हवी होती ती माणुसकी काटेकरला मिळाली.

उरतो तो तिसरा : कोठडीतला माणूस. 'अर्धसत्य' वर्गात दाखवल्यावर आम्ही विद्यार्थ्यांना शेवटाबद्दल विचारतो. रामा शेट्टीचा गळा आवळणारा वेलणकर सर्वांना आठवतो; मार खाऊन मेलेला चोर क्वचितच कोणाला. त्याचे नाव विचारले की वर्ग गप्प होतो. वेलणकर शेवटी स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन होतो, म्हणजे आपली कृती न्याय नव्हे हे त्याला कळलेले असते. प्रेक्षकाला ते कळू नये, ही त्यानंतरच्या चाळीस वर्षांच्या करमणुकीची कमाई. साहित्य शिकवणाऱ्यांनी निदान एवढे करावे : टाळ्या पडतात त्या क्षणी चौकटीबाहेर कोण राहिले, हा प्रश्न वर्गात विचारावा.