कापूस आणि ज्वारी : तराजूने घातलेले कोडे

१/ शेगावच्या काळ्या शिवारात कापूस आणि ज्वारी शेजारी शेजारी पिकत आली. १८७० साली जवळच्या जलंबहून खामगावच्या बाजारपेठेपर्यंत लोहमार्ग गेला, तोही कापसासाठीच. पण कापूस मुळात कशाचा बनलेला असतो? याचे उत्तर त्याआधीच युरोपात मिळाले होते, ज्वलनातून.

२/ सेंद्रिय पदार्थ पूर्ण जाळला की त्यातील कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि हायड्रोजनचे पाणी. ही वाट लव्हाझिएने दाखवली. १८३१ मध्ये गीसेनच्या लीबिगने ती सुकर केली. पदार्थ कॉपर ऑक्साइडसह तापवायचा. पाणी कॅल्शियम क्लोराइडात, तर वायू पोटॅशच्या द्रावणाने भरलेल्या पाच फुग्यांच्या काचनळीत शोषून घ्यायचा. दोन्हींचे वाढलेले वजन हाच पुरावा.

३/ आता हिशेब. कापसाचा मुख्य घटक सेल्युलोज. तो १ ग्रॅम, कोरडा व शुद्ध, जाळल्यास १.६२९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ०.५५६ ग्रॅम पाणी मिळते.
कार्बन : १.६२९ × १२/४४ = ०.४४४
हायड्रोजन : ०.५५६ × २/१८ = ०.०६२
उरलेला ०.४९४ ग्रॅम ऑक्सिजन.
प्रत्येकाला अणुभाराने भागले की अणूंचे प्रमाण येते ६ : १० : ५.

४/ १८३८ मध्ये फ्रान्सच्या आन्सेल्म पायेनने वनस्पतींतून हा पदार्थ वेगळा काढला. त्याचे प्रमाण चक्क स्टार्चशी जुळले! म्हणजे तराजूच्या लेखी कापूस आणि ज्वारीतील स्टार्च एकच. मग एकाने भूक भागते, दुसऱ्याने का नाही?

५/ दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या. भेद आहे तो जोडणीत. स्टार्चची जोडणी आपले शरीर तोडू शकते, सेल्युलोजची नाही. हे उलगडायला विसावे शतक उजाडावे लागले. ज्वालेने घटक मोजून दिले; त्यांची मांडणी मात्र तिच्या आवाक्याबाहेर राहिली.