शिवडीचा किल्ला आणि गिरणीचे धुराडे

सहल म्हटली की डबे, गाणी आणि गप्पा ओघानेच आल्या. परंतु मंडळाची यंदाची एका दिवसाची सहल माझ्या मनात राहिली ती निराळ्याच कारणाने.

सकाळी आम्ही शिवडीचा किल्ला पाहिला. इंग्रजांनी तो १६८० मध्ये खाडीवर नजर ठेवण्यासाठी बांधला. पुढे १६८९ साली जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान मुंबईवर चालून आला, तो याच शिवडीच्या बाजूने. काळ्या दगडांच्या तटावर उभे राहून ही हकीकत ऐकताना मुलेही गप्प झाली.

दुपारी आम्ही लालबागेकडे वळलो. एका बंद गिरणीच्या फाटकाशी माझ्या सासूबाई थबकल्या. आत गवत माजलेले, वर एकटे धुराडे. त्या म्हणाल्या, "अगं, भोंगा झाला की पायांत वारं भरायचं. सतरा वर्षं मी वाइंडिंग खात्यात काढली." आणि पदराचा एक दोरा ओढून त्यांनी आम्हाला तुटलेले सूत जोडण्याची गाठ घालून दाखविली. ती गाठ बोटाला लागत नव्हती.

भगिनींनो, कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला मुंबईतील पहिली कापडगिरणी काढली, हे आपण शाळेत शिकतो. परंतु सूत गुंडाळण्याच्या खात्यांत हजारो बायका राबत, हे आपल्याला कोण सांगते? १८९१ च्या कायद्याने त्यांचे काम दिवसाला ११ तासांवर आणले. बाळंतपणाच्या रजेतील भत्त्यासाठी मुंबई इलाख्यात कायदा होण्यास १९२९ साल उजाडले. पुढे नवी यंत्रे आली, तेव्हा पहिली कुऱ्हाड बायकांच्याच खात्यांवर पडली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर कित्येक गिरण्या पुन्हा नीट चालल्याच नाहीत.

गिरणीबाहेरही बायकांचेच हात होते. कामगारांना खाणावळीचे जेवण घालणाऱ्या स्त्रियांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले, त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले आणि सावकाराच्या पाशातून सोडविले. मंडळ म्हणजे केवळ हळदीकुंकू नव्हे, हे त्यांनी दाखवून दिले.

किल्ल्याचे दगड आणखी शंभर वर्षे टिकतील. धुराड्यांचे तसे नाही. ती एकेक करून पडत आहेत, त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. आणि ती गाठ येणारी बोटे तर त्याहून लवकर थकतील.

म्हणून माझी एक विनंती आहे. पुढील सहलीला डब्याबरोबर एक वही आणावी. घरातील आजी, मावशी, सासूबाई यांना सोबत घ्यावे आणि त्या कोणत्या खात्यात, कोणत्या पाळीला, किती पगारावर होत्या, ते लिहून घ्यावे. पुढल्या स्मरणिकेत ती पाने छापता आली, तर आपल्या मंडळाचा वर्धापनदिन खऱ्या अर्थाने साजरा होईल.