जंबुपार प्रारण व त्वचेचा कर्करोग

दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रारणास जंबुपार प्रारण म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ योहान व्हिल्हेल्म रिटर यांनी १८०१ मध्ये त्याचा शोध लावला. वर्णपटाच्या जांभळ्या टोकापलीकडे ठेवलेले सिल्व्हर क्लोराइड दृश्य प्रकाशातल्यापेक्षा लवकर काळवंडते, असे त्यांना आढळले. या प्रारणाने त्वचेचा कर्करोग होतो हे प्रयोगाने दाखविले जाण्यास मात्र त्यानंतर सव्वाशे वर्षे लागली.

उन्हाने कातडी भाजते ती उष्णतेमुळे, असा समज दीर्घकाळ रूढ होता. हा परिणाम जंबुपार किरणांचा आहे, हे स्टॉकहोमचे नेत्रवैद्य योहान व्हिडमार्क यांनी १८८९ मध्ये दाखविले. हँबर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पाउल उना यांनी १८९४ मध्ये खलाशांच्या चेहऱ्यावरील व हातांवरील त्वचेत होणारे बदल व त्यांतून उद्‌भवणारा कर्करोग यांचे वर्णन केले. फ्रान्समध्ये बोर्दो परिसरातील द्राक्षमळ्यांत राबणाऱ्यांविषयी विल्यम द्युब्रय यांचे निरीक्षणही तसेच होते.

या इशाऱ्यांकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही, कारण त्याच सुमारास प्रकाशाची ख्याती रोगनाशक म्हणून पसरत होती. कोपनहेगन येथील नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचाराबद्दल १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मुडदूस झालेली मुले जंबुपार दिव्याखाली बरी होतात, असे बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी १९१९ मध्ये सिद्ध केले. हे दोन्ही शोध खरे होते. पण त्यांतून ‘ऊन जितके अधिक तितके चांगले’ असा निष्कर्ष काढला गेला आणि तो निराधार होता. पूर्वी उन्हात राबणाऱ्यांची खूण समजली जाणारी रापलेली कातडी यूरोप-अमेरिकेत आरोग्याचे व ऐषआरामाचे लक्षण ठरली.

लंडन येथे जॉर्ज फिंडले यांनी १९२८ मध्ये पारदबाष्प दिव्याच्या प्रकाशाने उंदरांत कर्करोग निर्माण केला. त्यानंतर ब्वेनस एअरीझचे आंजेल रोफो यांनी नुसत्या सूर्यप्रकाशाने तो उंदरांत होतो, पण प्रकाश काचेतून गाळून सोडल्यास होत नाही, असे दाखविले. म्हणजे दोष काच अडविते त्या लघुतरंगांचा होता. आज यांना ‘ब’ गट (२८० ते ३१५ नॅनोमीटर) म्हणतात. त्याहून लघू तरंग वातावरणातील ओझोन जवळजवळ पूर्णपणे शोषून घेतो. ‘ब’ गटातील किरणांमुळे डीएनए रेणूतील शेजारशेजारचे घटक एकमेकांस चिकटतात. कोशिका हा बिघाड दुरुस्त करते. दुरुस्ती राहून गेल्यास उत्परिवर्तन होते. जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये झेरोडर्मा पिगमेंटोसम या आनुवंशिक रोगात ही दुरुस्तीच सदोष असते, असे दाखविले. या रोगाच्या मुलांना लहानपणीच त्वचेचे कर्करोग होतात.

प्रतिबंधाचा इतिहास मुख्यतः ऑस्ट्रेलियाचा आहे. गोऱ्या वर्णाचे लोक तेथे प्रखर उन्हाच्या प्रदेशात येऊन वसले. मेलॅनोमा या घातक कर्करोगाचे मृत्यू विषुववृत्ताकडे वाढत जातात, असे हेन्री लँकेस्टर यांनी १९५६ मध्ये नोंदविले. १९८१ मध्ये व्हिक्टोरिया राज्यात सदरा घाला, मलम चोपडा, टोपी चढवा, असे सांगणारी मोहीम सुरू झाली. तिचा प्रचारक चित्रातला एक समुद्रपक्षी होता. क्वीन्सलंडमधील नँबर येथे १९९२ ते १९९६ या काळात १,६२१ प्रौढांवर चाचणी घेण्यात आली. दररोज सूर्यरोधक मलम लावणाऱ्यांत शल्क कोशिकांच्या कर्करोगाचे प्रमाण सु. ४० टक्क्यांनी घटले. तळ कोशिकांच्या कर्करोगात मात्र फरक दिसला नाही. पुढील पाठपुराव्यात मेलॅनोमाही निम्म्यावर आल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

कातडी रापविण्याचे दिवे २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने निश्चित कर्करोगकारकांत समाविष्ट केले. त्याच वर्षी ब्राझीलने सौंदर्यासाठी त्यांच्या वापरावर बंदी घातली.

भारतीयांच्या त्वचेतील मेलॅनीन हे रंगद्रव्य पुष्कळसे प्रारण शोषून घेत असल्याने येथे हा रोग तुलनेने विरळ आहे. काळ्यासावळ्या लोकांत मेलॅनोमा बहुधा तळपाय, तळहात किंवा नखाखाली उद्‌भवतो व तेथे ऊन हे मुख्य कारण नसते. म्हणून ऑस्ट्रेलियातील उपदेश येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. तळपायावरील वाढणारा काळा डाग दुर्लक्षिला गेल्याने निदानास उशीर होतो. जन्मतः मेलॅनीन नसलेल्या, म्हणजे वर्णहीन व्यक्तींना मात्र अंगभर कपडे, रुंद काठाची टोपी व सूर्यरोधक मलम यांची बालपणापासून गरज असते.