समकालीन भारतीय कलेतील स्त्रीदेह

स्त्रीदेह आणि स्त्रीशक्ती यांची नव्याने मांडणी हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून भारतीय स्त्री-चित्रकारांनी सातत्याने हाताळलेला विषय आहे. मुंबईत नलिनी मलानी (जन्म १९४६) आणि नवज्योत अल्ताफ (जन्म १९४९) या दोघींनी तो विशेष जोमाने मांडला. दोघींचेही शिक्षण सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये झाले.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात स्त्रीदेहाला शक्तिरूप मानण्याची परंपरा प्राचीन आहे. तेर येथे सापडलेल्या लज्जागौरीच्या मूर्तींमध्ये देवी प्रसूतीच्या आसनात असते. या प्रकारच्या मूर्तींत मस्तकाच्या जागी बहुधा कमळ दिसते. उलट माहूरच्या रेणुकेचे केवळ मुख, म्हणजे तांदळा, पूजिला जातो. एकीकडे मस्तकाविना देह, दुसरीकडे देहाविना मस्तक. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' (१९७८) या ग्रंथात या उपासनेचा सविस्तर शोध घेतला आहे. जिच्या मूर्तीत लज्जेचा लवलेशही नाही तिला हे नाव मिळावे, हे नवलच! भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरी शस्त्रधारिणी आहे. वसईच्या १७३९ मधील विजयानंतर चिमाजी अप्पांनी नवस फेडून तिचे मंदिर बांधविले.

राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातील चित्रांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरी पोहोचल्या. त्या प्रसन्न, गौरवर्णी आणि साडी नेसलेल्या होत्या. देवी घरात आली खरी, पण कुलस्त्री होऊन आली. पुढे भारतमातेची चित्रेही याच वळणाची निघाली.

नलिनी मलानी

मलानी यांचा जन्म कराचीचा. फाळणीनंतर त्यांचे कुटुंब भारतात आले. मुंबईत लोहार चाळीच्या गजबजलेल्या बाजारपेठेत त्यांची चित्रशाळा होती. तेथील कष्टकरी माणसे त्यांच्या चित्रांत येतात. अर्पिता सिंह, नीलिमा शेख आणि माधवी पारेख यांच्यासह त्यांनी १९८७ ते १९८९ या काळात 'थ्रू द लुकिंग ग्लास' हे प्रदर्शन भारतातील विविध शहरांत भरविले.

पारदर्शक पत्र्यावर मागील बाजूने रंगविण्याची जुनी पद्धत त्यांनी स्वीकारली. या पद्धतीत बारकावे आधी आणि पार्श्वभूमी नंतर रंगवावी लागते. असे रंगविलेले नळकांडे फिरत ठेवून त्यावर प्रकाश टाकला की भिंतीवर सावल्या सरकू लागतात आणि देहाची आकृती एका जागी ठरत नाही. ग्रीक पुराणातील मेडिया आणि आपली सीता या दोन परित्यक्ता त्यांच्या चित्रांत वारंवार येतात. पतीने टाकलेल्या स्त्रीचा क्रोध एकीच्या कथेत संहारक ठरतो, दुसरी धरणीच्या पोटात जाते; मलानी दोघींना शेजारी बसवितात.

'मदर इंडिया' (२००५) ही पाच पडद्यांवरील दृक्‌श्राव्य रचना त्यांची सर्वांत बोचरी कृती म्हणावी लागेल. फाळणीत हजारो स्त्रियांचे अपहरण झाले, आणि २००२ च्या गुजरात दंगलीतही स्त्रियांवर अत्याचार झाले. राष्ट्राला माता म्हणून पूजणाऱ्या समाजात सूड मात्र स्त्रीच्याच देहावर उगविला जातो, ही विसंगती ही रचना दाखविते. मलानी यांना २०२३ चा क्योतो पुरस्कार मिळाला.

नवज्योत अल्ताफ

नवज्योत यांची 'पलानीज डॉटर्स' (१९९६) ही शिल्पमालिका स्त्रीच्या देहाशी आणि जननशक्तीशी निगडित आहे. पुढे त्या बस्तरमधील कोंडागाव येथे आदिवासी कलावंतांसमवेत काम करू लागल्या.